खांबाला टेकलेला ग्रीक

सिंगापूरमध्ये आमच्या ऑफिससमोर इंग्रजांच्या काळातलं जुनं कोर्ट आहे. त्याच्या उंच खांबाला पाठ टेकून एक म्हातारा ग्रीक दुपारी संत्रं सोलत बसायचा. बसण्याआधी खांबाला हलकेच थोपटायचा. संत्र्याचे दोन भाग करायचा आणि एकच खायचा.

एकदा डबा घेऊन मी शेजारी बसले आणि न राहवून म्हणाले, "कोर्ट इंग्रजांचं, पण या खांबांचा थाट सगळा तुमच्या ग्रीसकडून उचललेला! इथे घरची आठवण येत असेल ना?"

तो हसला. "माझी बायकोही हेच म्हणायची. ती इथलीच, चिनी. मी गप्प दिसलो की हात धरून इथे या खांबापाशी आणायची, 'चल, तुझ्या घरी जाऊन येऊ.' तिकडे ग्रीसमध्ये आमच्या बेटावर नुसत्या शेळ्या आणि चुना फासलेली घरं. असा खांब मी पहिल्यांदा पाहिला तो इथेच."

"मग त्यांना सांगितलं नाहीत?"

"इतक्या प्रेमाने आणायची, कसं सांगणार?" उरलेलं अर्धं संत्रं त्याने माझ्या डब्याच्या झाकणात ठेवलं. "ती गेली. आता मात्र इथे आलं की खरंच घरी आल्यासारखं वाटतं."