टीव्हीवरचा भाऊ आणि हक्कसोडीची साडी

माझा धाकटा भाऊ पुण्यात कायदा शिकवायचा. बातम्या दिवसभर चालायला लागल्या तेव्हा चॅनेलवाल्यांना बोलणारी माणसं कमी पडू लागली, त्यात ह्याचा नंबर लागला. सरकार पडो, पूल पडो, एखादा नट पकडला जावो, पडद्यावर एका चौकोनात हा बसलेलाच. खाली नाव, नावाखाली 'कायदेतज्ज्ञ'. भर उन्हाळ्यातही अंगात कोट.

मला दिलेली अवसरी खुर्दला. तो दिसला की शेजारच्या बायका आमच्याकडे जमायच्या. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे त्याच्या बोलण्यातलं निम्मं मला कळायचं नाही. पण त्याची एक सवय कळली होती. काहीही विचारा, तो आधी चष्मा वर सरकवायचा आणि म्हणायचा, "याला दोन बाजू आहेत." दोन्ही बाजू सांगेपर्यंत जाहिराती लागायच्या. खरी कुठली, ते राहूनच जायचं.

कार्यक्रम संपला की त्याचा फोन ठरलेला.

"आक्का, बघितलंस का?"

"बघितलं."

"कसं झालं?"

"कॉलर मुडपली व्हती."

एवढा शिकलेला माणूस, पण मी बरं म्हणावं म्हणून दर वेळी फोन करायचा. मी म्हणत नव्हते. उगाच कशाला म्हणायचं?

मग लेकींना बापाच्या जमिनीत लेकांइतका वाटा, असा कायदा झाल्याची बातमी आली. त्या दिवशी माझी नणंद माहेरपणाला आली होती, शेंगा फोडत टीव्हीपुढे बसली होती. भावाने चष्मा वर केला, पण दोन बाजू काढल्या नाहीत. म्हणाला, "याला एकच बाजू आहे. बहिणीला साडी देऊन हक्कसोड लिहून घ्यायची, ही आपल्याला लाज आणणारी गोष्ट आहे." नणंदेचा शेंगा फोडणारा हात थांबला. माझ्याकडे न बघताच ती परत फोडायला लागली.

ती का थांबली ते मला ठाऊक होतं. आमच्याकडे रीतच तशी. बाप गेला की बहिणींनी ऑफिसात जाऊन वाटा सोडल्याचं लिहून द्यायचं, भावाने साडीचोळी करायची, पुरणाचं जेवण घालायचं. ह्या नणंदेनेही आम्हाला तसंच लिहून दिलं होतं. तिची साडी मंचरहून मीच आणली होती, आणि फार भारीतली आणली नव्हती.

त्या दिवशी फोनवर भावाला मी पहिल्यांदा म्हणाले, "बरं बोललास." तो इतका खूश झाला की दोनदा वदवून घेतलं.

पुढे तीन-चार महिन्यांनी पिंपळवंडीच्या माझ्या माहेरच्या जमिनीचं वाटप निघालं. वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते. थोरला भाऊ, आमचा दादा, जमीन कसायचा. धाकट्याचा फोन आला. बघितलंस का, हे विचारलं नाही.

"आक्का, मंगळवारी जुन्नरला ये. एक सही लागेल."

"कसली?"

"नेहमीचीच. कागद मी स्वतः केलाय, तू काळजी करू नकोस."

मी एसटीने गेले. दोघे भाऊ आधीच येऊन थांबले होते. दादाच्या हातात साडीची पिशवी होती. नोंदणीच्या ऑफिसात आता कॉम्प्युटर आला होता, सही करणाऱ्याचा फोटो काढायला वर छोटा कॅमेरा लावलेला. त्या दिवशी कॅमेऱ्यापुढे मी बसले, कायदेतज्ज्ञ बाजूच्या बाकावर.

क्लार्कने त्याला ओळखलं. "सर, तुमी टीव्हीवर येता ना? त्या लेकींच्या हक्काचं लई भारी बोलला राव. आमच्या मंडळींनी तवापासून माझं डोकं खाल्लंय."

एवढं बोलून त्याने कागद उघडला. वरची ओळ वाचली आणि उगाचच शिक्का शोधायला लागला. मग मान खाली घालूनच मला विचारलं, "मावशी, राजीखुशीनं लिहून देताय ना?"

"माझ्या भावाला विचार. कायदा त्यो शिकवतो."

भावाने चष्मा वर केला. "हे बघ आक्का, याला..."

"किती बाजू हायेत?"

जाहिराती लागायची इथे सोय नव्हती.

दादा वैतागला. "आता हितं टीव्ही चालू करू नका. जमीन मी कसली इतकी वर्सं."

ते खरंच होतं. मी म्हणाले, "दादा, तुझं मला नकोय. कालव्याखालचा तुकडा तेवढा माझ्या नावावर करा. तुमी दोघं शाळंत जायचा तवा तितला कांदा मी खुरपत व्हते. बाकीच्यावर सही करते."

त्या दिवशी सही झाली नाही. धाकट्याने कागदाची घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली. साडीच्या पिशवीचं काय करायचं ते दादाला कळेना, म्हणून मी ती घेतली. रंग चांगला होता. महिन्याभराने नवा कागद झाला आणि तुकडा माझ्या नावावर लागला. तो कागदही धाकट्यानेच केला. चांगला केला.

त्याचे फोन बंद झाले. टीव्हीवर दिसायचा, पण बहीणभावाचा विषय निघाला की त्याच्या चौकोनात दुसराच कुणी असायचा. दिवाळीत मात्र फोन वाजला. "आक्का, बघितलंस का?"

"बघितलं. चष्मा घट्ट करून घे."

त्याच दिवाळीत नणंद आली. मी करंज्या तळत होते. ती शेजारी येऊन बसली.

"वैनी, तुमचा तुकडा झाला म्हणं."

"झाला."

"मग त्यो कायदा मला न्हाई का लागत? तुमच्या भावानं तर एकच बाजू सांगितली व्हती."

माझा झारा तेलातच राहिला. तोंडातून निघून गेलं, "त्याला दोन बाजू हायेत."

ती इतकी हसली की हातातलं ताट खाली ठेवावं लागलं. "त्या साडीचा रंग तिसऱ्या धुण्यात गेला व्हता, ठाव हाय का?" म्हणाली. मी हसले नाही. करंज्या काढल्या.

तिची सही कधीच होऊन गेली होती. झालं ते झालं, असं आमचे मालक म्हणाले आणि मी त्यांना अडवलं नाही. पण कालव्याखालच्या तुकड्यातली कांद्याची एक गोणी दर साली तिच्याकडे जाते. ती निवडून बघते. नासका निघाला की फोन करते.