तौसिफची जीप आणि अब्बांचं हौसिंग

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की पत्र्याची एक लांबट शेड दिसते. तिथं इस्माईलभाईंचं गॅरेज. पुढच्या बाजूला ट्रॅक्टर, ट्रक, उसाच्या ट्रॉल्या आणि ग्रीसनं माखलेली माणसं. मागच्या कोपऱ्यात, चांगली ऐसपैस जागा अडवून, एक जुनी पेट्रोल जीप. ती इस्माईलभाईंच्या मुलाची, तौसिफची. अख्ख्या गॅरेजात ही एकच गाडी अशी, की जिचं काम कधी संपलं नाही आणि जिच्यासाठी गिऱ्हाईक कधी आलं नाही.

तौसिफ चाळिशीला टेकलेला गडी. इंजिनात हात चांगला, डोकं मात्र कायम तापलेलं. त्याची बायको नसरीन म्हणायची, "जिपंला ताप आला की तुमी उशाला बसता. मला आला तर म्हणता, गोळी घे." यावर तो बोनेट उघडून आत डोकं घालायचा, कारण ते खरंच होतं.

नाद होता शर्यतीचा. इंदापूरच्या पलीकडं एका माळावर दिवाळीच्या आधी मातीच्या सरळ पट्टीवर गाड्या पळवतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सुटायचं, पुढच्या चुन्याच्या रेघेवर जो आधी पोचेल तो जिंकला. एवढं साधं. आणि या एवढ्या साध्या खेळात लोणी भापकरचा शिवम दरवर्षी तौसिफला मागं टाकायचा, वर जाता जाता खिडकीतून हात हलवायचा. हरल्याचं दुःख तौसिफ पचवू शकला असता. तो हात त्याला पचत नव्हता.

म्हणून यंदा त्यानं जिपेला मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनातून सुटणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो आणि ताकद वाढवतो. टर्बो मोठा, म्हणजे ताकद मिळणार ती वरच्या आरपीएमला, इंजिन जोरात फिरायला लागल्यावर. त्यासाठी सायलेन्सर मोकळा केला, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक टाकल्या. जागेवर उभी करून अॅक्सिलरेटर दाबला की शेडचे पत्रे थरथरायचे. रस्त्यावर आणली की मात्र सगळा बार फुसका. पहिला गिअर टाकला की संपला, दुसरा टाकला की संपला, इंजिन नुसतं बोंबलत सुटायचं आणि टर्बोचा जोर दाखवणारा बूस्टचा काटा अर्ध्यावरूनच माघारी फिरायचा. पट्टी संपायच्या आधी तर इंजिनाची मजलच संपायची.

तौसिफनं मग काय काय नाही केलं! पाइप बदलले, इंजेक्टर धुतले, टर्बो उतरवून पुन्हा चढवला, बारामतीतल्या पार्टवाल्याशी भर दुकानात भांडला, आणि पार्ट चांगला निघाल्यावर त्याची माफी न मागता दुकानच बदललं. रागानं पाना फेकायचा आणि मग तोच पाना अर्धा तास शोधत बसायचा. एका गोष्टीला मात्र त्यानं हात लावला नव्हता, कारण ती अब्बांनी केली होती. ती म्हणजे मागचं हौसिंग.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो ते हौसिंग. त्यात एक लहान दात्यांचं चाक एका मोठ्या चाकाला फिरवतं. लहानाला दात कमी तितकी गाडीला ओढ जास्त आणि पळ कमी. इस्माईलभाईंनी उभी हयात सोमेश्वरनगरच्या कारखान्याला ऊस ओढणाऱ्या गाड्यांची हौसिंगं बांधण्यात घालवली होती. दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, चाक हातानं फिरवायचं आणि शेंदूर दाताच्या कुठल्या भागावर पुसला गेला ते बघून, पातळ पत्र्या घालून-काढून, दाताला दात बसवायचा. त्यांनी बांधलेलं हौसिंग आवाज करत नाही, हे उसाच्या पट्ट्यात लहान पोरालाही माहीत होतं.

"ताकद वर हाय न्हवं तुझी?" टर्बो बसवला तेव्हा ते म्हणाले होते. "मग इंजान लवकर वर जायला पायजे. ओढीचा गिअर घालतो." आणि त्यांनी नऊ-एक्केचाळीसची जोडी घातली, लहानाला नऊ दात, मोठ्याला एक्केचाळीस. भरल्या ट्रॉलीसाठी घालतात तशी. मग येईल त्या ड्रायव्हरला सांगत सुटले, "पोराच्या जिपंचं हौसिंग म्या बांधलंय." तौसिफला तेव्हा फार बरं वाटलं होतं. त्याआधी अब्बा जिपेला खेळणं म्हणायचे.

पण दसरा झाला, कारखान्याचा हंगाम तोंडावर आला, तसा सूर बदलला. "औंदा हरलास तर इंजान काढून ठेव," अब्बांनी सांगून टाकलं. "कारखान्याची मोळी पडायच्या आत कोपरा मोकळा पायजे. लोकांचं ट्रॅक्टर उन्हात उभं ऱ्हात्यात हितं." अब्बा बोलले की बोलले. म्हणजे आता ही शर्यत, नाहीतर जीप भंगारात.

शर्यतीच्या आठवड्यात तौसिफ जीप घेऊन कऱ्हाटीच्या रस्त्याला चाचणीला गेला आणि नेहमीसारखा शिव्या घालतच परत फिरला. वाटेत कुंडलिक भेटला. कुंडलिक त्याचा जुना दोस्त, टोमॅटो आणि भेंडी पिकवणारा. टोमॅटोनं गच्च भरलेला त्याचा पिकअप बंद पडला होता आणि बाजार चुकायच्या भीतीनं बिचारा रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता.

"बांध दोर," तौसिफ म्हणाला. "शर्यतीच्या न्हाय तर न्हाय, टोमॅटोच्या तरी कामाला येऊ दे."

दोर बांधला. चढ लागला. मागं एवढं ओझं, तौसिफनं तिसऱ्यात गाडी ठेवून पाय दाबला. आणि बूस्टचा काटा वर चढला. अर्ध्यावर थांबला नाही, मागं फिरला नाही. पार शेवटापर्यंत गेला आणि तिथंच ठाण मांडून बसला. मोकळी असताना जी जीप नुसती बोंबलायची ती भरला पिकअप घेऊन चढ चढत होती.

चढ संपेपर्यंत तौसिफच्या डोक्यात सगळा उजेड पडला होता. टर्बोला ओझं लागतं. इंजिन जोर लावतं तेव्हा धूर जोरात सुटतो, तेव्हा तो पंखा भरतो, म्हणजे पुरा वेग घेतो. आपल्या गिअरनं इंजिनावरचं सगळं ओझंच काढून घेतलं होतं. पंखा भरायच्या आत गिअर संपत होता. ओढीचा नाही, पळायचा गिअर पाहिजे. लहानाला नऊच्या जागी अकरा दात. इतके दिवस वाया गेले याचा त्याला इतका संताप आला, की कुंडलिक आभार मानत होता तेही त्याला ऐकू आलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं अब्बांना सगळं नीट सांगितलं. पिकअप, चढ, काटा. म्हणाला, "अकरा-एक्केचाळीसची जोडी हाय आपल्याकडं. तेवढी बसवून द्या."

इस्माईलभाई चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. "म्या बांधलेलं हौसिंग कुणी खोललं न्हाय आजवर."

"वाईट बांधलंय म्हणत न्हाय मी. जोडी चुकलीय."

"चाळीस वर्सं हेच केलं म्या. आता टमाट्याची गाडी ओढून तू मला शिकवणार व्हय? न्हाय बसवायचा." एवढं बोलून ते उठून गेले.

शुक्रवारी अब्बा नमाजला गेले आणि तिथूनच इंदापूरला सबिनाकडं, त्यांच्या लेकीकडं. तौसिफनं हौसिंग खोललं. आता खरी गोम अशी, की इंजिनातलं त्याला सगळं यायचं, हौसिंगातलं काही नाही. घरात अब्बा असताना शिकायची गरजच पडली नव्हती. शेंदूर लावून चाक फिरवलं तर खूण दाताच्या कडेला. पत्री घातली, खूण दुसऱ्या कडेला. पत्री काढली, पुन्हा पहिल्या कडेला. घाम, शिव्या, फुटलेलं बोट. शेवटी खूण मधोमध आली नाही, पण मध्याच्या जवळ आली, आणि तौसिफनं 'चालतंय' म्हणून झाकण लावलं. हा शब्द अब्बांच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता.

रविवारी माळावर धूळ, गर्दी आणि वडापावचे गाडे. तौसिफ रेघेवर आला तेव्हा शेजारी शिवमच होता. रेघेकडं येताना मागच्या हौसिंगातून बारीक, शिट्टीसारखा आवाज येत होता. तौसिफनं तो ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. तेवढ्यात गर्दीतून अब्बा येताना दिसले. कुंडलिक त्यांना पिकअपमधून घेऊन आला होता. म्हातारा दोन्ही हात वर करून ओरडत होता, "थांब! आरं, थांब!"

आता अब्बा इथं सगळ्यांसमोर कानाखाली वाजवणार, तौसिफच्या मनात आलं. झेंडा पडला. त्यानं क्लच सोडला.

आणि जीप पळाली. खरंच पळाली! सुटताना शिवम पुढं होता, पण दुसऱ्या गिअरला काटा चढला तो चढलाच, तिसऱ्याला तौसिफ त्याच्या बरोबरीला आला, मग दाराशी, मग पुढं. वरची ताकद पहिल्यांदाच चाकांपर्यंत पोचत होती. शिवमचा चेहरा काचेतून मागं गेला. चुन्याची रेघ दिसायला लागली.

मागून कड्कन आवाज आला. इंजिन मोकाट ओरडलं, जीपचा जोर गेला. शिवम बाजूनं निघून गेला, आणि जाताना त्यानं हात हलवला. रेघेच्या अलीकडं, सहज चालत गेलं असतं एवढ्या अंतरावर, जीप थांबली.

तौसिफ स्टिअरिंगवर मुठी आपटत बसला. रडूच कोसळलं असतं, पण लोक बघत होते. इस्माईलभाई धापा टाकत आले. त्यांनी सरळ जीपखाली अंग टाकलं, हौसिंगचं तेल तळहातावर घेतलं. त्यात लोखंडाच्या ठिकऱ्या होत्या.

"जोडी बरोबर हाय," ते खालूनच म्हणाले. "बसवलीय वाकडी. लांबनं आवाज आला मला. म्हणून थांब म्हणत हुतो."

दोघांनी मिळून मागचे दोन्ही एक्सल ओढून काढले, म्हणजे चाकं मोकळी फिरतील. कुंडलिकनं पिकअपला दोर बांधला. तौसिफ जीपच्या स्टिअरिंगला, अब्बा शेजारी.

"कोपऱ्यातच राहू दे जीप," अब्बा एकदम म्हणाले. "ट्रॅक्टर उभं करू बाहीर. हौसिंग मी बांधतो."

तौसिफला खरं तर आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी साठलेला सगळा संताप बाहेर पडला. "आता? आता बांधता? गुरुवारी पाया पडायचाच तेवढा राहिलो हुतो मी! एवढं सगळं सांगितलं तुमास्नी. काटा सांगितला, चढ सांगितला. तवा तुमाला कळलं न्हाय व्हय?"

इस्माईलभाई समोरच्या ताणलेल्या दोराकडं बघत राहिले.

"कळलं हुतं," ते म्हणाले. "तू निम्मं बोललास तवाच कळलं हुतं, जोडी म्या चुकवली ते. म्हणून तर न्हाय म्हणालो."