अठ्ठावीस ठोके

पडदा वर जातो तेव्हा भर दुपार आहे. चौथ्या मजल्यावरची लख्ख झाडलेली खोली. खिडकीपाशी शिवणयंत्रावर धाकटी बहीण, समोर स्टुलावर ठोकेमास्तर, त्यांच्या मांडीवर गुंडाळलेला नकाशा.

हे नाव त्यांना मजुरांनी दिलेलं. शहरभर भोकं पाडून जमीन तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. घणाखाली पोकळ नळी फूटभर आत जायला किती ठोके लागले, ते मोजून वहीत लिहायचं. ठोके जास्त, तर जमीन घट्ट. कमी, तर भूकंपात ती चिखलासारखी सैल होणार. त्या आकड्यांवरून नकाशात रंग भरले जात. मास्तरांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

फक्त एकदा, बुजवलेल्या तळ्यावर, नळी विटेच्या तुकड्यावर अडली आणि ठोके एकदम अठ्ठावीसवर गेले. असा आकडा सोडून शेजारी नवं भोक पाडायचं, हे ते स्वतःच इतरांना शिकवत. पण माणसं उपाशी होती, ऊन मी म्हणत होतं. त्यांनी अठ्ठावीस लिहिलं आणि विसरून गेले. नकाशात तळं पिवळं झालं, म्हणजे बऱ्यापैकी भक्कम. पुढे तिथे इमारत उठली. बहिणीने विचारलं, "दादा, घेऊ का घर?" नकाशा बघून ते म्हणाले, "डोळे मिटून घे."

निवृत्तीनंतर जुन्या वह्या चाळताना समासात त्यांच्याच अक्षरात 'वीट' दिसलं. त्यांनी कचेरीला कळवून नवं भोक पाडायला लावलं. ठोके भरले चार. आज सकाळी तळं लाल झालं.

"लाल म्हणजे?" बहिणीने यंत्र थांबवलं.

"म्हणजे मी चुकलो."

"जगाची जमीन ठोकून पाहिलीस आणि बहिणीच्याच वेळी हात आखडला होय रे?"

"भूक लागली होती."

"म्हणजे तुझ्या एका जेवणावर माझं घर उभं आहे." ती हसली. मग हसू ओसरलं. "बाकीच्या बिऱ्हाडांना सांगितलंस?"

"आता दारोदार जाणार. आधी तुझ्याकडे आलो."

"शिव्या घालतील."

"घालू देत."

तिने भिंतीवरून हात फिरवला. "या वयात मी कुठे जाऊ, दादा?"

मास्तरांना तिच्याकडे बघवेना.

"माझ्याकडे चल," ते म्हणाले. "खोल्या दोनच आहेत, पण खाली खडक आहे. आणि तो मी नाही, दुसऱ्याने मोजलाय."