टाचमास्तर आणि दोन पायांचा लांडगा

तर ती तांबडी शेळी गोणपाटाच्या पडद्यातून तोंड बाहेर काढून उभी, आणि हा शहाणा कमरेवर हात ठेवून तिला समजावतोय, "लांडगाबिंडगा काही नाही गं, निवांत झोप." काल इथेच थांबावं लागलं होतं. पण जे काल नव्हते ते विचारतील, गोठ्याला दार सोडून गोणपाट कशाला? मग जरा मागे जायला हवं. कारण ते गोणपाट म्हणजे या माणसाची सगळी अक्कलच होती, चौकटीवर खिळे ठोकून टांगलेली.

याचं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, घरामागे दोन शेळ्यांचा गोठा, आणि गोठ्यामागे ओढा ओलांडला की टेकडीवरचं रान. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की याला उठायला जागा नाही. मग तो उठायचाच नाही. बसल्या जागेवरून जगाची परीक्षा घ्यायचा. हातात कसब होतं, ते कुणी नाकारणार नाही. आरी अशी चालवायचा की टाका कुठे घातला ते बुटाच्या मालकालाही सापडू नये. तेवढ्यावर थांबला असता तर भला माणूस म्हणून गणला गेला असता. पण थांबेल तो टाचमास्तर कसला!

बूट हातात आला की हा आधी तो उलटा करायचा, टाच बघायचा, आणि मालकाचं चारित्र्य सांगून मोकळा व्हायचा. बाहेरून झिजली, तर माणूस चिकट. आतून झिजली, तर बायकोला घाबरणारा. मागून झिजली, तर आळशी. पोस्टमनच्या टाचा बघून म्हणाला होता, "तुम्ही फार बसून असता." पोस्टमनला! दिवसभर गावाची शिवण उसवेपर्यंत चालणाऱ्या माणसाला! तो बिचारा गप्प राहिला, कारण त्याला बूट परत हवे होते.

स्वतःचं लग्नसुद्धा याने टाचेवरच ठरवलं. मुलीच्या घरी बोलणी करायला गेला, तो आत जायच्या आधी दाराबाहेरच्या चपला उलट्या करून बघत बसला. एक जोड दोन्ही बाजूंनी अगदी सारखा झिजलेला. म्हणाला, मुलगी समतोल आहे, होकार. त्या चपला मुलीच्या मावशीच्या होत्या. बायकोने हे त्याला लग्नानंतर लगेच सांगितलं आणि पुढे जन्मभर सांगत राहिली. याचं उत्तर तयार, "मावशीच्या का असेनात, घराण्याची चाल तर कळली ना?" अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंतीला टाळी दिलेली बरी.

बायकोचा भाऊ सुतार. पलीकडच्याच गल्लीत त्याचं काम चालायचं. बूट शिवताना चामडं ज्या लाकडी पावलावर ताणतात, तो साचाही हा मेहुणाच कोरून द्यायचा. सुट्टीच्या दिवशी तो बहिणीकडे जेवायला यायचा, आणि हे दोघे ताटावर साच्यांवरून भांडायचे.

"डावा उजव्यापेक्षा फुगलाय."

"दाजी, तुमचा डोळा फुगलाय."

"लाकूड कापतोस की कुरतडतोस?"

"तुमच्यासाठी कुरतडतो. इतरांसाठी कापतो."

बायकोला हे भांडण मिठासारखं झालं होतं. ते नसलं की तिला जेवण उतरायचं नाही. हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि ओढ्याच्या चिखलात ठसे दिसले. कुत्र्यापेक्षा मोठे. लगेच गावाची पाचावर धारण बसली. काल छाती काढून फिरणारे आज अंधार पडायच्या आत घरात. ज्यांच्याकडे कोंबडीचं पीसही नव्हतं तेसुद्धा खुराड्याला मजबूत दार करून घ्यायला सुताराकडे धावले. वनखात्याने शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळचे वर्ग सुरू केले. रात्री हिंडणारे प्राणी ओळखायला शिका, मोठ्या शिकारी जनावरांपासून गुरं जपायला शिका. बायकोने भावाला गोठ्याचं दार सांगितलं. भाऊ म्हणाला, "ताई, तुझं सगळ्यांच्या आधी करतो," आणि माप घेऊनही गेला.

इकडे टाचमास्तर ओढ्यावर ठसे बघायला गेला. चिखलात उकिडवा बसला, गिऱ्हाइकाची टाच बघावी तसे ठसे निरखत राहिला, आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, "चार पायांच्या जनावराचे ठसे किती पडायला हवेत?"

"चार पायांचे."

"तिथे दोनच पायांचे आहेत. डावा, उजवा, डावा, उजवा. सरळ रेघेत, माणूस बांधावरून चालतो तसे. आता मला सांग, या गावात लाकडाचं पाऊल कोरता येणारा कोण आहे? आणि लांडगा आल्यावर कुणाकडे दारांची रांग लागलीय?"

बायकोला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा हातातलं भांडं तिने खाली ठेवलं, ते जरा जोरातच.

"माझा भाऊ पायाला लाकडी पंजे बांधून चिखलात नाचतोय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाचत नाही. चालतोय. चाल बरी आहे, ते मान्य करायला हवं."

एवढ्यावर थांबला असता तरी घरातलं घरात राहिलं असतं. पण याने ते दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. गावाला काय, भीतीपेक्षा चेष्टा स्वस्त पडते. सुताराच्या दारात पोरं गुरगुरून पळायला लागली. सुतार आला, दुकानाच्या उंबऱ्यावर उभा राहिला, म्हणाला, "दाजी, हे तुम्ही बोललात?" हा मान वर न करता म्हणाला, "दार तुझं तुलाच ठेव. माझ्या शेळ्यांना तुझ्या लांडग्याची भीती नाही." सुतार आला तसा मागे फिरला. त्या आठवड्यात जेवायला आला नाही, पुढच्याही नाही. बायकोने दर वेळी त्याचं ताट मांडलं आणि दर वेळी उचलून ठेवलं. आणि गोठ्याच्या चौकटीवर याने गोणपाट ठोकलं. आतून तांबडी शेळी तोंड काढून बघते आहे, तिच्याशी हा बोलतो आहे. आलो की नाही कालच्या जागी?

बायको वर्गाला जायची. याला वर्गाचा राग होता, कारण शिकवणारी बाई तरणी होती आणि तिच्या बुटांच्या टाचा बघायला मिळत नव्हत्या. पण आपला शोध चारचौघांत मांडायला जागा हवी ना, म्हणून एका संध्याकाळी तोही जाऊन बसला. बाईने घुबडाने गिळून बाहेर टाकलेली केसाळ गोळी चिमट्याने उकलली. आतून उंदराची कवटी निघाली, दाढांसकट. लोक पुढे वाकले. हा म्हणाला, "उलटीत काय बघायचं?" मग तिने सांगितलं की या दिवसांत पानं गळून वरच्या रानात आडोसा उरत नाही, हरणं खाली उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग लांडगे. वसंतात झालेली पिल्लं आता कळपाबरोबर लांब लांब चालायला शिकतात. घरचं कुत्रं इकडे हुंग, तिकडे उड्या मार, असं चालतं, कारण त्याला जेवण घरी मिळतं. लांडग्याला प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागतं, म्हणून तो रेघेत चालतो.

रेघ म्हटल्यावर हा उठलाच.

"बाई, लांडग्याला पाय किती?"

"चार."

"मग ओढ्यावर दोनच पायांचे ठसे का? दोन पायांवर चालणारं जनावर आम्हाला माहीत आहे. मागच्या रांगेत बसलंय."

सगळ्या माना मागे वळल्या. मागच्या रांगेत सुतार बसला होता. वर्गासाठी बाईने मागितलेला लाकडाचा भुसा त्यानेच आणला होता, पोतं पायाशीच होतं. त्याने मान खाली घातली. बायकोने डोळे मिटून घेतले.

बाई चिडली नाही. पोतं मागवून तिने भुसा हॉलभर पसरला आणि म्हणाली, "काका, जरा रांगून दाखवता? हात जिथून उचलाल तिथेच त्या बाजूचा गुडघा ठेवायचा."

नाही म्हणावं, तर घाबरला असं होणार. टाचमास्तर रांगला. दुकानात न उठणारा माणूस सगळ्या गावासमोर चार पायांवर गेला, धापा टाकत, मागून विजार ताणलेली. कुणीतरी बारीक कोल्हेकुई काढली, आणि त्याचाही त्याने मान वर करून निषेध केला. भिंतीपाशी पोचल्यावर बाई म्हणाली, "आता मागे बघा." भुशात हातांचा एकही ठसा नव्हता. प्रत्येक ठसा गुडघ्याने पुसून आपला केला होता. डावा, उजवा, डावा, उजवा. दोन पायांचा प्राणी गेल्यासारखा.

"चार पायांनी गेलात ना, काका?"

हॉल हसला. सुतार तेवढा हसला नाही, आणि ते याला जास्त लागलं. पण कबूल करेल तर शपथ. भुसा झटकत म्हणाला, "मला जमलं म्हणजे लांडग्याला जमतं असं थोडंच आहे?" आणि तरातरा निघून गेला. असं म्हणायलाही एका दर्जाचा मूर्खपणा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दुकानाचं दार उघडलं, तर आत दोन्ही शेळ्या. काळी याच्या बसायच्या जागेवर, आणि तांबडी हेडमास्तरांच्या बुटाची नाडी चघळत उभी. तो असा ओरडला की रस्त्यावरची सायकल थांबली. बायको गवताची पेंढी घेऊन आली.

"ओरडताय काय? काल झोपताना मीच आणल्या. आधी मागे जाऊन बघा, मग ओरडा."

तो मागे गेला. गोणपाट चौकटीवर नव्हतं. फाटून गोठ्यात पडलं होतं, एक तुकडा ओढ्याकडे ओढत नेलेला. शेळ्या बांधायच्या खुंटीभोवतीचा पेंढा उकरलेला. आणि पेंढ्याखालच्या ओल्या मातीत, जिथे जनावर थांबून वास घेत उभं राहिलं होतं, तिथे चार पायांचे चार ठसे, सुटे सुटे, नखांसकट.

टाचमास्तर उकिडवा बसला. सवयीने एप्रनच्या खिशातून मापाची पट्टी काढली आणि पहिला ठसा मोजला. मग शेजारचा. मग मागचे दोन. मागचे लहान होते. त्याने परत मोजले. एकाच गिऱ्हाइकाचे दोन मापांचे जोड, पुढचा मोठा, मागचा आखूड! जन्मात असा पाय त्याच्या दुकानात आला नव्हता. लबाडी करणारा एका मापाचे पंजे कोरून मोकळा झाला असता. हे कुणाच्या डोक्यातून आलेलं नव्हतं.

रिकामी खुंटी बघून त्याला तांबडीचं तोंड आठवलं, गोणपाटातून बाहेर काढलेलं, आणि तिला आपण काय सांगितलं होतं तेही. बायको मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "आज सुट्टी आहे. मी ताट मांडणार आहे. ते उचलून ठेवायला लागलं, तर मी शेळ्या घेऊन भावाकडेच राहायला जाईन."

एप्रन न सोडता तो निघाला. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. टाचमास्तर पायी कुठे जातो हेच मुळात नवल. सुताराच्या दारात दारांची चळत लावलेली होती, आणि अगदी भिंतीशी एक तयार दार, त्यावर खडूने फक्त "ताई" लिहिलेलं. याने ते वाचलं.

सुताराने रंधा थांबवला नाही. "काय हवंय, दाजी?"

"दार."

"कशाला? लांडगा नाहीच आहे ना?"

"आहे. काल गोठ्यात येऊन गेला. शेळ्या वाचल्या, तुझ्या बहिणीची कृपा."

आता रंधा थांबला. सुताराने भुसा फुंकला, वर बघितलं. "मग गावासमोर बोललात ते? एकदा तोंडाने म्हणा, ते पाय माझे नव्हते."

टाचमास्तरने पट्टी खिशातून काढली, परत ठेवली, आणि म्हणाला, "तुझे कसे असतील? पुढचे दोन एका मापाचे, मागचे दोन दुसऱ्या, आणि चारही बिनचूक. तुला आजवर माझ्या एका जोडाचे साचे सारखे कोरता आले नाहीत, तू कसले असले पाय करतोस! उचल ते दार, चौकटीला लावून दे, आणि लावलंस की तसाच पळू नकोस. तुझं ताट मांडलंय, आणि डावा साचा अजून फुगलेलाच आहे, त्यावर बोलायचंय."