गारकाकांच्या गाडीचं तोंड उतरलं

"घरात सगळे धडधाकट आहेत हो आजी! कोण गेलं, कोण गेलं म्हणून काय विचारताय?"

"तसं नव्हे रे बाबा. तुझ्या गाडीचं गाणं ऐकलं अन् कुणी गेल्यासारखं वाटलं. नात तर दारातूनच मागं फिरली."

गारकाकांनी डब्याचं झाकण आदळलं. हंगाम सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते आणि हे विचारणारी ही चौथी बाई.

गारकाका हे पोरांनी ठेवलेलं नाव. सव्वीस वर्षं हा माणूस गाडीतून आइस्क्रीम विकत हिंडतोय. बर्फात हात घालून घालून बोटं इतकी बधिर झाली आहेत की, उकळत्या चहाचा पेला ते फडक्याशिवाय उचलतात. स्वभाव मात्र बधिर नाही. खुर्चीत बसायच्या आधी खुर्ची हलवून बघतील. डॉक्टरनं लिहून दिलेली गोळी खरी का, हे औषधवाल्याला विचारतील, आणि तो हो म्हणाला की दोघं एकमेकांना मिळालेले आहेत असं ठरवतील.

गाडीच्या टपाखाली एक गाण्याची पेटी आहे. आत खिळ्यांचा पितळी रूळ फिरतो, खिळे पोलादी कंगव्याचे दात छेडतात, आणि कर्ण्यातून चाल बाहेर पडते. ती ऐकली की पोरं जेवणाचं ताट टाकून धावत सुटायची. यंदा मात्र पोरं खिडकीतून बघायची आणि आत जायची. रोज संध्याकाळी डबे भरलेले तसेच परत. असाच हंगाम गेला तर गाडी विकण्यावाचून इलाज नव्हता.

आणि ती घ्यायला कोण टपलं होतं, हे गारकाकांना पक्कं माहीत होतं. साडू!

साडू बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटा ट्रम्पेट, वाजवून निवृत्त झालेला. थंडीचे तीन महिने गाडी त्याच्याच शेडमध्ये उभी असते. गेल्या वर्षी तो म्हणालाही होता, "साडूभाऊ, थकलात आता. गाडी द्या माझ्या पोराला."

"सूर कळणारा माणूस, शेड त्याची, डोळा गाडीवर," गारकाका बायकोला म्हणाले. "गाणं त्यानंच बिघडवलं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"अहो, पेटीला तुम्ही चिकटपट्टी लावून वर सही करून ठेवता ना? ती फाटली होती का?"

"नव्हती. तेच तर! सहीसुद्धा उचलली पठ्ठ्यानं."

"माझ्या बहिणीचा नवरा तो! त्याला स्वतःची सही धड येत नाही, तुमची कुठून उचलणार?"

पण गारकाका निघाले होते. गाडी थेट साडूच्या दारात लावली, गाणं चालू केलं आणि खाली उतरून म्हणाले, "ऐका. तुमचीच करणी ऐका."

साडूनं कान दिला. हसला नाही, हेही गारकाकांना खटकलं. आत जाऊन त्यानं कॉर्नेट आणला.

"सारेगममधला ग धरा. तो असा असला की आमच्या बँडमध्ये मेजर म्हणायचे." त्यानं गाडीची चाल जुन्या पद्धतीनं वाजवली. समोर चेंडू खेळणारी पोरं वळून बघायला लागली. त्यातली एक पोरगी तर दोन पावलं पुढं आली. "आता तोच ग अर्धा सूर खाली ओढला. मायनर." चाल तीच, वेगही तोच, पण पोरगी जागच्या जागी थांबली आणि उगाच बुटाची नाडी बघू लागली.

"मायनरवर नाचणारी माणसंही मी पाहिलीत," साडू म्हणाला. "पण तुमची चाल आधीच संथ. त्यात ग उतरला. गाडी आइस्क्रीम विकतेय की सांत्वनाला आलीय, कळेना."

"एवढं सगळं येतंय, म्हणजे तुम्हीच उतरवला!"

"उघडा पेटी."

गारकाकांनी आपल्या हातानं झाकण काढलं. कंगव्याच्या एका दाताच्या टोकावर डाखाचा, म्हणजे सोल्डरचा, करडा, गुळगुळीत थेंब बसला होता. बघताक्षणी त्यांचे कान तापले. मागच्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी तो दात झिजून मुका झाला होता. खिळा त्याला लागेना. तेव्हा त्यांनीच डाख चढवून टोक लांबवलं होतं. आवाज आला, झालं काम, म्हणून पट्टी लावली, सही ठोकली.

"हाच तुमचा ग. टोकाला वजन चढलं की दात खाली बोलतो," साडू म्हणाला.

"पंधरा दिवस तुमच्या खिडकीखालून जातोय. ऐकू येत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

गारकाकांनी नखानं तो थेंब खरवडून बघितला. मग म्हणाले, "कानस द्या."

कानस त्यांनी स्वतःच चालवली. साडूला हात लावू दिला नाही. पण अडचण वेगळीच होती. अर्धा सूर वर की खाली, त्यांच्या कानाला कळत नव्हतं. साडू कॉर्नेटवर ग धरायचा, गारकाका दात छेडायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघायचे.

"आता?"

"अजून थोडा."

"आता?"

"केसभर. सगळा नका काढू, पुन्हा मुका होईल."

"खरं सांगताय ना?"

"बास! जुळला."

गारकाकांनी कानस खाली ठेवली नाही. आणखी एकदा घासावी असं हाताला फार वाटत होतं. साडूकडे बघितलं, दाताकडे बघितलं, आणि झाकण लावलं. पट्टी लावली. सही केली. तारीखही टाकली.

गाणं चालू करून ते पोरांकडेच बघत राहिले. नाडीवाली पोरगी आधी आली. मग बाकीची चेंडू तिथंच टाकून.

"साडूभाऊ," गाडीची खिडकी वर सरकवत गारकाका म्हणाले, "मेजर म्हणालात ते हेच ना? नक्की?"

"पोरांना विचारा."

पोरांना विचारायला वेळ नव्हता. रांग लागली होती, आणि गर्दीत कोणीतरी दोनदा हात पुढं करतंय असा गारकाकांना दाट संशय होता.

"एकेकानं! तू, मघाशी घेतलंस ना? जीभ दाखव बघू."