थोरल्याच्या नावाचा एक्स-रे

ती घटना अजूनही मनातून पुसली गेलेली नाही. निवृत्तीनंतर झाशीच्या घरी सकाळचा चहा घेताना जुने ठाणे आठवले, की सगळ्यात आधी ते दोघे भाऊच डोळ्यांपुढे येतात.

मी तेव्हा चिरगावच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणे लहान होते. सकाळी हजेरी, मग कोठडीची तपासणी; मुन्शीजी, म्हणजे ठाण्याचे कारकून, रात्रीच्या नोंदी वाचून दाखवत, तोवर अंगणातल्या कडुलिंबाखाली फिर्यादी जमू लागत. दिवसभर हिंदी आणि बुंदेली. मराठी उरली होती ती घरी बायकोशी बोलण्यापुरती; मुले तर मराठी प्रश्नाला हिंदीत उत्तर देत. त्या अंगणातली वर्दळ, तो गलका आता फार आठवतो.

एके सकाळी पन्नाशीचा एक शेतकरी उजवा हात गळ्यात अडकवून आला. दंडाला प्लास्टर होते. त्याची फिर्याद अशी, की सोमवारी दुपारी शेताच्या बांधावरून भांडण झाले आणि धाकट्या भावाने लाठी मारून त्याचे दंडाचे हाड मोडले. सोबत एक्स-रेची फिल्म होती. कोपऱ्यात त्याचे नाव, आणि खांद्याच्या थोडे खाली हाड मोडलेले स्पष्ट दिसत होते.

वाटणी झाल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. धाकटा बबीना छावणीत नोकरीला होता. गंभीर दुखापतीचा गुन्हा सिद्ध झाला असता तर ती नोकरी गेलीच असती. त्याला ठाण्यात आणून बसवले. मारले नाही, एवढेच तो म्हणाला. मग सोमवारी दुपारी कुठे होतास, असे विचारले की मान खाली. मी दरडावून पाहिले, चहा पाजून पाहिले, नोकरीची भीती घातली. त्याचे डोळे भरून आले, पण तोंड उघडले नाही.

शेवटी म्हणाला, "साहब, मारलं नाही एवढं लिहून घ्या. कुठं होतो ते मी सांगणार नाही."

खोटे बोलणाऱ्याजवळ एक गोष्ट तयार असते, हा माझा अनुभव. याच्याजवळ काहीच नव्हते. ते मला खटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी खबर आली. बस अड्ड्यावरचा आमचा एक माणूस सांगून गेला, की सोमवारी दुपारी धाकटा झाशीच्या बसमध्ये चढताना दिसला होता. बरोबर एक मुलगी होती, तिचा हात गमछ्याने छातीशी बांधलेला होता. मुलगी कोणाची, ते त्याला ठाऊक नव्हते.

मी ठरवले, आधी थोरल्याच्या हाताचा नवा एक्स-रे काढायचा. जिल्हा रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी केली आणि त्याला जीपमध्ये घालून स्वतः झाशीला घेऊन गेलो. वाटभर त्याची कुरकुर चालू होती. "फोटू तो हो गओ साहब, अब काय खों?" एकदा काढला आहे, आता कशाला, हेच पालुपद. रुग्णालयात प्लास्टर कापले. यंत्रापुढे उभे करून त्याचा दंड आधी समोरून, मग वळवून टिपला. काम झाल्यावर त्याने शर्ट चढवला तो तोच हात वर करून. दंडाचे हाड मोडलेला माणूस असा शर्ट चढवत नाही.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडाच्या काचेवर शेजारी शेजारी लावल्या. नव्या फिल्ममध्ये हाड अखंड होते. मग त्यांनी जुन्या फिल्ममध्ये खांद्याजवळच्या एका काळ्या रेघेवर बोट ठेवले.

"इथे हाड अजून वाढतं आहे. मोठ्या माणसात ही फट भरून आलेली असते. हा हात त्यांचा नाही, एखाद्या लहान मुलाचा किंवा मुलीचा आहे."

थोरला बाकावर बसला तो उठेना. त्याला आठवीतली एक मुलगी होती. ती कुठे आहे, असे विचारल्यावर खालच्या आवाजात म्हणाला, समथरला, मामाकडे.

महिला शिपायाला घेऊन मी समथरला गेलो. पोर खाटेवर बसली होती, दंडाला प्लास्टर. कक्काला म्हणजे काकाला कोठडीत टाकले का, हे तिने आधी विचारले. मग हळूहळू सारे सांगितले. बापाने मनाई केली होती तरी ती चोरून काकूकडे जायची. सोमवारी काकाच्या परसातल्या पेरूच्या झाडावर चढली आणि फांदी मोडली. काकाने तिला झाशीला नेऊन प्लास्टर घालून आणले. तिने त्याला शपथ घातली होती, की दद्दाला म्हणजे बापाला सांगायचे नाही. नाहीतर काकूकडे जाणे कायमचे बंद होईल. घरी तिने सांगितले, शाळेत पडले, बाईंनी दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी हाड नीट बसले का पाहू म्हणून बापाने तिला आपल्या ओळखीच्या माणसाकडे एक्स-रेला नेले. त्या फिल्मवर नाव कोणाचे घातले, ते तिला माहीत नव्हते.

काकाने तिला झाशीला नेले, हे थोरल्याला ठाऊक नव्हते. फिल्ममधली मोड आणि मारहाण एकाच दिवसाची दिसावी म्हणून त्याने सोमवार सांगितला होता. ज्या वेळी भावाने आपला हात मोडला असे तो म्हणत होता, त्याच वेळी तो भाऊ त्याच्या लेकीचा हात सांभाळत बसमध्ये बसला होता.

ठाण्यात दोघांना समोरासमोर बसवून मी हे सांगितले.  मग धाकट्याकडे न बघता थोरल्याने विचारले, "वाटेत फार रडली का रे?"

"अर्ध्या वाटेपर्यंत. मग माझ्या मांडीवर झोपली."

थोरल्याने तोंडावर पंचा धरला.

धाकट्याला त्याच संध्याकाळी सोडले, नोकरी वाचली. खोटी फिर्याद आणि खोटा पुरावा यासाठी थोरल्यावर आणि फिल्मवर नाव बदलणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. कायद्यात माझ्या मायेला जागा नव्हती. पण न्यायालयात थोरल्यासाठी जामीन राहिला तो धाकटाच.

पोलिसाचे अर्धे आयुष्य लोकांना बोलते करण्यात जाते, आणि न बोलणारा आपल्याला अपराधी वाटू लागतो. त्या तपासानंतर समोरचा गप्प बसला, की हा काय लपवतो आहे याच्याआधी मी स्वतःला विचारत असे, हा कोणाला सांभाळतो आहे? बहुतेक वेळा तो कोणालाच सांभाळत नसे. पण कधीतरी एखादा खरोखर सांभाळत असे, आणि तेवढ्यासाठी आणखी एक दिवस थांबायला मी त्या दोन भावांकडून शिकलो.