अर्ध्या तासाचं जेवण, दहा मिनिटांचा नाश्ता

तुम्हाला कधी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावून, एसीसमोर बसवून, कुणी अगदी गंभीरपणे विचारलंय का, की "पावात टिक्की घातली तर ते जेवण होतं की नाही?" मला विचारलंय! तेही टाय लावलेल्या माणसाने, हातात पेन उघडून.

कॅन्टीन चालवणाऱ्या बाईकडे दोन गोष्टींचा ढीग साचतो. एक खरकट्या ताटांचा आणि दुसरा किश्श्यांचा. ताटं रोजच्या रोज घासून होतात, किस्से मात्र राहतात तसेच. आता संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसलं की मैत्रिणी म्हणतात, "ते बर्गरचं सांग ना!" मग मी पहिल्यापासून सुरू करते. मधूनच सांगितलं तर मजा येत नाही.

तेव्हा गुडगावात बघावं तेव्हा एक नवी काचेची इमारत उभी राहिलेली असायची. एका बाजूला मोहरीचं शेत, दुसऱ्या बाजूला म्हशी आणि मधेच ती चकचकीत काच! अशाच एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका कॉम्प्युटर कंपनीचं कॅन्टीन मी आणि मेश्रामवहिनी चालवायचो. मी फरीदाबादहून चार्टर्ड बसने यायचे, वहिनी सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून. वहिनी मूळच्या नागपूरच्या. हाताला तिखट आणि जिभेलाही.

मी मॅट्रिक पास. लग्नानंतर वीस वर्षं घर सांभाळलं. एकेचाळिसाव्या वर्षी कंपनीने गळ्यात घालायचं ओळखपत्र दिलं. त्यावर माझा फोटो आणि माझं स्वतःचं नाव! पहिले आठ दिवस मी ते घरी जाताना बसमध्येही काढलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "ताई, आंघोळीला तरी काढता ना?"

* * *

पहिल्याच दिवशी मी घरच्यासारखी आमटी केली. चिंच, गूळ, गोडा मसाला. गेटवरचा गार्ड चौधरी सगळ्यात आधी जेवायला आला. सहा फूट उंच हरियाणवी माणूस. दोन घास खाल्ले आणि थांबला. मग इकडे तिकडे बघत, ताट घेऊन थेट माझ्याजवळ आला आणि कानाशी वाकून म्हणाला, "आंटी जी, दाल में गलती तै गुड़ गिर ग्या. चिंता ना करो, मन्नै किसे तै कोनी बताया."

कुणालाच सांगितलं नाही म्हणे! मला हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवसापासून मी मुकाट्याने जिऱ्याची फोडणी देऊन साधी दाल करायला लागले.

चार दिवसांनी चौधरी पुन्हा जवळ आला. चेहरा पडलेला.

"आंटी जी, वो गुड़ फेर कद गिरैगा?"

* * *

आता भाटिया साहेबांबद्दल सांगते. ते अॅडमिनचे मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण नियमाचा पक्का. कंपनीचा नियम असा की जेवणाला अर्धा तास आणि नाश्त्याला दहा मिनिटं. त्यामुळे कुणाच्या ताटात काय आहे ते बघून साहेब घड्याळ बघायचे. पोहे दिसले की दहा मिनिटं. पोळी दिसली की तीस. एका मुलाने पोह्यांबरोबर पोळी घेतली, तर साहेब बिचारे पाच मिनिटं विचारच करत उभे राहिले!

अशात तळमजल्यावर बर्गरचं दुकान उघडलं. लाल खुर्च्या, लाल टोप्या, फुगे. आमची सगळी मुलं-मुली धावली. दुपारी तिसऱ्या मजल्यावर मी, वहिनी आणि चौधरी. भरलेला भाताचा टोप तसाच.

तिसऱ्या दिवशी भाटिया साहेबांनी आम्हाला बोलावलं. कंपनीत नवीन भरती होती आणि ट्रेनिंगला खोली हवी होती. साहेबांची नजर आमच्या कॅन्टीनवर होती.

"आंटीजी, हेड ऑफिस का रूल है, बिल्डिंग के अंदर खाना मिलना चाहिए. अब नीचे मिल रहा है. अगर वो खाना है, तो कॅन्टीन की ज़रूरत नहीं. अगर नाश्ता है, तो कॅन्टीन रहेगी. एक महीना देखूँगा, फिर फैसला."

म्हणजे आमचं कॅन्टीन राहणार की जाणार हे एका टिक्कीवर ठरणार होतं. मी नकळत गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरलं.

* * *

वहिनी म्हणाल्या, "आधी खाऊन तर बघू, आहे काय ते."

आम्ही दोघी साड्या सावरत त्या लाल खुर्च्यांवर बसलो. बर्गर आलं. वहिनींनी लाल टोपीवाल्याकडे ताट मागितलं. तो म्हणाला, "मैम, प्लेट नहीं होती. ऐसे ही खाते हैं, हाथ में पकड़ के."

"हात में तो पूरा नहीं पकड़ में आता, भैया!"

शेवटी वहिनींनी कागदच ताटासारखा पसरला. वरचा पाव काढून डावीकडे ठेवला. पानं आणि कांदा वरच्या बाजूला. टिक्की मधे. पांढरी चटणी कडेला. मग पावाचा तुकडा मोडून, टिक्कीला लावून, शांतपणे खाल्ला. शेजारच्या टेबलावरची पोरं खाणं सोडून बघत होती.

वहिनी म्हणाल्या, "ताई, हे तर आपलं ताटच आहे. नुसतं एकावर एक रचून ठेवलंय!"

खरं सांगते, मला ते चांगलं लागलं. म्हणूनच जास्त भीती वाटली.

* * *

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. दर गुरुवारी आम्ही वडापाव करायचो. त्या दिवशी मात्र खालचे फुगे विसरून सगळे वर यायचे. आमचा तो हुकमी दिवस.

भाटिया साहेबांनी मीटिंगमध्ये मला तोच प्रश्न विचारला, "पावात टिक्की घातली तर ते जेवण होतं का?" मी ठामपणे सांगितलं, "नाही साहेब. तो नाश्ता."

"तो फिर आपका वड़ा-पाव?"

वहिनींनी टेबलाखालून मला चिमटा काढला. पण मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "तोही नाश्ताच."

साहेबांनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर कागद लागला, "गुरुवार, दस मिनट."

झालं! गुरुवारी मुलं वडापाव तोंडात कोंबून पळत सुटली. एकीला ठसका लागला, एकाचा पाव जिन्यात पडला. पुढच्या गुरुवारी येणार नाही असं चौघांनी तोंडावर सांगितलं. मी डोळ्याला पदर लावला.

वहिनी म्हणाल्या, "ताई, हा खरं बोलायचा आजार तुम्हाला लहानपणापासून आहे का?"

पुढच्या गुरुवारी मात्र वहिनींनी प्रत्येक वडापावाशेजारी एक चमचा भात ठेवला. भातावर थेंबभर वरण. भाटिया साहेब दारात आले, प्रत्येक ताट वाकून बघितलं, मान हलवली आणि घड्याळ खिशात ठेवून निघून गेले.

चौधरी ओरडला, "आधा घंटा! आंटी जी जिंदाबाद!"

* * *

खालचेही काही कमी नव्हते. त्यांनीही नवीन युक्ती काढली. बर्गरबरोबर बटाट्याच्या सळ्या आणि कोल्ड ड्रिंक. तीन पदार्थ, म्हणजे पूर्ण जेवण!

भाटिया साहेब पुन्हा पेचात. वर येऊन म्हणाले, "देखिए आंटीजी, ब्रेड मतलब रोटी. आलू मतलब सब्ज़ी. और कोल्ड ड्रिंक... पतला है, तो दाल समझ लो."

मी काही बोलायच्या आत वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "बिल्कुल साहब. बस एक बार उसमें रोटी डुबोकर खाके दिखाइए."

साहेबांनी तव्यावरच्या पोळीकडे बघितलं. मग म्हणाले, "नहीं, वो नहीं होगा."

* * *

एकदा त्या दुकानाबाहेर बोर्ड लागला की इथे सगळ्यात झटपट मिळतं. चौधरीला राग आला. त्याने ठरवलं की आता मुकाबला होऊनच जाऊ दे. कंपनीतली निम्मी मुलं जिन्यात उभी. एक मुलगा खाली, एक वर, आणि चौधरी मधल्या मजल्यावर हातात घड्याळ घेऊन. त्याने शिट्टी वाजवली!

वहिनींनी ताट उचललं. भात, वरण, भाजी, दोन पोळ्या, कोशिंबीर, लोणचं. त्यांचा हात दिसतच नव्हता. वरच्या मुलाने ताट घेतलं, बसला, जेवला, ताट ठेवलं, हात धुतले, बडीशेप खाल्ली. नंतर खालच्या मुलाला बघायला गेला, तर तो अजून लाईनमध्ये!

लाल टोपीवाला सांगत होता, "सर, फ्रेश बन रहा है, थोड़ा टाइम लगेगा."

चौधरीने जिन्यातूनच विचारलं, "तो फिर भाई, फास्ट किसका होया?"

त्या दिवशी टाळ्या इतक्या वाजल्या की दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना कुणाचा तरी वाढदिवस आहे असं वाटलं.

* * *

महिना संपत आला. भाटिया साहेब शेवटचं विचारायला आले. या वेळी पेन नव्हतं, नियमही नव्हता. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आंटीजी, आप दिल से बताइए. वो खाना है कि नहीं?"

मी काय सांगावं? आदल्याच आठवड्यात मी खाली एक मजूर बघितला होता. शेजारच्या बांधकामावरचा. कुणीतरी त्याला अर्धं बर्गर दिलं होतं. तो इमारतीच्या सावलीत बसून, डोळे मिटून ते खात होता. हात धुऊन आला होता आणि खाण्याआधी कपाळाला लावलं होतं त्याने.

मी म्हटलं, "साहब, भूखे आदमी ने खाया तो खाना ही है. मैं उसको खाना नहीं है, ऐसा नहीं बोल सकती. पाप लगेगा."

साहेब हळूच उठले. "तो फिर... आंटीजी, आपने ही फैसला कर दिया."

वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या ते एवढंच, "ताई, कढई तुम्ही नेता की मी नेऊ?"

घरी मी कुणाला सांगितलं नाही. ओळखपत्र परत द्यायचं म्हणून त्याची दोरी धुऊन, वाळवून ठेवली. मळकी दोरी परत करणं बरं दिसत नाही.

* * *

आणि आता शेवटचा किस्सा.

जेवणाचा करार खालच्या दुकानाशी करायचा, त्या सह्यांचा दिवस आला. बर्गरवाल्यांचे मोठे साहेब आले होते. सूट, कमरेला मोबाईल, बोलणं अगदी गोड. मीटिंग रूममध्ये एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला भाटिया साहेब. मला आणि वहिनींना किल्ल्या द्यायला बोलावलं होतं. आम्ही भिंतीशी दोन खुर्च्यांवर बसलो. किल्ल्यांचा जुडगा माझ्या मांडीवर, त्यावर ओळखपत्र.

बारा वाजता मोठे साहेब बोलायला लागले. जग किती बदलतंय, नवीन पिढीला वेळ कसा नाही, आता घराघरात हेच खाणार. मधेच लाल टोपीवाले खोके घेऊन आले. सगळ्यांपुढे एकेक बर्गर, सळ्या, कोल्ड ड्रिंक. आम्हालाही दिलं. मोठ्या साहेबांनी स्वतःचं अख्खं संपवलं. भाटिया साहेबांनी आग्रह केला म्हणून दुसरं घेतलं, तेही संपवलं. बोटं पुसली. कागद ओढला. पेनचं टोपण काढलं.

मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात बाजूच्या आमच्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली. वहिनी मधेच उठून सवयीने तूरडाळ लावून आल्या होत्या. किल्ल्या द्यायच्या असल्या तरी चौधरी उपाशी राहायला नको म्हणून.

मोठ्या साहेबांनी हातातलं घड्याळ बघितलं. दचकून पेन खाली ठेवलं आणि भाटिया साहेबांना म्हणाले, "अरे भाटियाजी, दो बज गए! साइन बाद में करते हैं. चलिए, पहले खाना खा लें?"

भाटिया साहेबांनी टेबलावरच्या दोन रिकाम्या खोक्यांकडे बघितलं. मग मोठ्या साहेबांकडे. मग माझ्या मांडीवरच्या किल्ल्यांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला मी आणि वहिनींनी तिसऱ्या मजल्यावर नेहमीसारखा भाताचा कुकर लावला.